एमयूएनला पहिल्यांदा जाताय? आधी तुमच्या कमिटीला काय करता येतं ते बघा

कॉलेजच्या ग्रुपवर एमयूएनचं पोस्टर आलं, मैत्रिणीने नाव दिलं म्हणून तुम्हीही दिलं, आणि चार दिवसांनी ईमेल आला: कमिटी डायसेक, देश ब्राझील. आता करायचं काय, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची विद्यार्थ्यांनी भरवलेली नक्कल. प्रत्येकाच्या वाट्याला एक देश येतो. दोन-तीन दिवस त्या देशाचा डेलिगेट म्हणून बोलायचं, बाजू जमवायची आणि शेवटी ठराव लिहून मताला टाकायचा. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलं इथे बरेचदा मागे पडतात, कारण निम्मं काम माइकवर होतच नाही. ते कॉरिडॉरमध्ये, कागदावर आणि चहाच्या रांगेत होतं.

मी डेलिगेट म्हणूनही गेलोय आणि पुढे चेअरच्या, म्हणजे कमिटीचं कामकाज चालवणाऱ्याच्या, खुर्चीतही बसलोय. दोन्हीकडून सर्वांत जास्त पाहिलेली चूक एकच: कमिटीला ज्याचा अधिकारच नाही ते लोक तावातावाने मागत बसतात.

पायरी 1: कमिटीचे हात किती लांब आहेत ते मोजा

डायसेक ही आमसभेची पहिली समिती. निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा हा तिचा विषय. तिसरी समिती, म्हणजे सोचम, सामाजिक आणि मानवी हक्कांचे प्रश्न घेते आणि सहावी कायद्याचे. तिन्हींत 193 देश, प्रत्येकाला एक मत, आणि ठराव म्हणजे शिफारस. तुमचा मसुदा कितीही कडक असला तरी तो पाळायची सक्ती कुणावर नसते.

सक्ती करता येते ती सुरक्षा परिषदेला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणात 41वं कलम निर्बंधांचं आहे आणि 42वं लष्करी कारवाईचं. परिषदेचे निर्णय पाळायला 25व्या कलमाने सगळे सदस्य बांधलेले आहेत. पण तिथे सदस्य 15, ठरावाला किमान 9 मतं हवीत, आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधी मत दिलं की सगळं मुसळ केरात.

2022 मध्ये हे आठवड्याभरात दिसलं. 25 फेब्रुवारीला युक्रेनवरचा ठराव सुरक्षा परिषदेत आला. 11 मतं बाजूने पडली. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले, आणि रशियाच्या एका मताने तो पडला. 2 मार्चला त्याच धर्तीचा ठराव आमसभेत 141 विरुद्ध 5 असा मंजूर झाला, 35 देश तटस्थ. सैन्य मागे घ्या असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि युद्ध चालूच राहिलं. तुमच्या कमिटीचं नाव वाचून आधी हे विचारा: आपण यातल्या कुठल्या सभागृहात बसणार आहोत?

मानवी हक्क परिषदेचं गणित आणखी वेगळं. 2006 मध्ये स्थापना, मुक्काम जिनिव्हा, सदस्य 47. ती चौकशी आयोग नेमू शकते, विशेष प्रतिवेदक (एखाद्या विषयाची किंवा देशाची पाहणी करून अहवाल देणारे तज्ज्ञ) पाठवू शकते आणि प्रत्येक देशाच्या कामगिरीचा ठरावीक काळाने आढावा घेते. सैन्य पाठवणं तिच्या आवाक्यात नाही. मी चेअर असताना एका डेलिगेटने याच परिषदेत अर्धा दिवस खर्चून शांतिसेनेची योजना आखली होती, तुकड्या कुठे उतरणार इथपर्यंत. कुठल्या कलमाखाली, एवढंच मी विचारलं. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, म्हणून तो वाचला.

कायद्याच्या कमिट्यांत सगळ्यांत मोठा गोंधळ हेगचा होतो. तिथे दोन वेगळी न्यायालयं आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश विरुद्ध देश असे खटले चालतात. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय माणसांवर खटले चालवतं. ते रोम कराराने उभं राहिलं, 2002 पासून चालू आहे आणि भारत त्या कराराचा सदस्य नाही. पहिल्या न्यायालयाची मर्यादा समजून घ्यायला पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांचं प्रकरण वाचा. आपल्या नागपूरचे हरीश साळवे त्यात भारताच्या बाजूने उभे होते. दोन्ही देशांनी वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या जोडपत्रात न्यायालयाचं अधिकारक्षेत्र आधीच मान्य केलं होतं, म्हणून तर खटला उभा राहिला. 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 असा निकाल आला: पाकिस्तानने वकिलातीच्या भेटीचा हक्क डावलला, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा. पण जाधवांची सुटका करा, शिक्षा रद्द करा, ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. जिंकणं आणि हवं ते मिळणं यातलं अंतर या एका निकालात दिसतं.

पायरी 2: स्वतःचं मत घरी ठेवा

माझ्या पहिल्या एमयूएनला मला सोचममध्ये बेलारूस आला होता, अजेंडा मृत्युदंडाचा. मी रात्रभर जागून फाशीविरोधात भावपूर्ण भाषण लिहिलं. टाळ्याही पडल्या. मग एक चिट आली: 'डेलिगेट, युरोपात आजही मृत्युदंड देणारा देश कुठला?' उत्तर बेलारूस होतं. पुढचे दोन दिवस मी फारसा बोललो नाही.

तेव्हा देश मिळाला की त्याने आजवर कसं मत दिलं ते आधी शोधा. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत ठरावनिहाय मतदान सापडतं, फुकट. मत दिल्यावर प्रतिनिधी कारण सांगतो, ते निवेदन त्या देशाच्या न्यूयॉर्क किंवा जिनिव्हातल्या मिशनच्या संकेतस्थळावर असतं. ते वाचल्याशिवाय अंदाज बांधू नका. माणसाच्या हुकमाशिवाय मारणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांबद्दल डिसेंबर 2023 मध्ये आमसभेत ठराव झाला. 152 देश बाजूने, 4 विरोधात, आणि त्या चारांत भारत होता. 'भारत शांतताप्रिय' एवढ्या भांडवलावर बोलणारा डेलिगेट इथे तोंडावर आपटतो. भारताचं म्हणणं असं, की या विषयाची चर्चा जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या कराराखाली आधीच चालू आहे, ती तिथेच व्हावी, समांतर मंच नको. हे पटो न पटो, सभागृहात तुम्हाला तेच मांडायचंय.

पुरावा कुठला चालतो हेही आधी विचारून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक कमिट्यांत संयुक्त राष्ट्रांचे आणि सरकारी दस्तऐवज चालतात, रॉयटर्सच्या बातम्या चालतात, विकिपीडिया नाही. विकिपीडियाच्या तळाशी दिलेल्या दुव्यांवरून मूळ कागद गाठायला मात्र कुणाची हरकत नसते.

पायरी 3: पोझिशन पेपर

पोझिशन पेपर म्हणजे तुमच्या देशाची भूमिका मांडणारा कागद. एक पान पुरे. प्रश्न काय, आपल्या देशाने आजवर काय केलं, आता काय हवंय. आयोजकांनी विषयाची ओळख म्हणून दिलेल्या बॅकग्राउंड गाइडमधली वाक्यं उचलू नका, कारण ती गाइड चेअरनेच लिहिलेली असते.

पायरी 4: सभागृहात

सुरुवात हजेरीने होते. 'प्रेझेंट' म्हणालात तर शेवटी तटस्थ राहता येतं. 'प्रेझेंट अँड व्होटिंग' म्हणालात तर बहुतेक एमयूएनमध्ये हो किंवा नाही म्हणावंच लागतं. (खऱ्या संयुक्त राष्ट्रांत याच शब्दांचा उपयोग वेगळा आहे. तिथे तटस्थ राहणाऱ्याला मतदान केलेल्यांत धरत नाहीत, इतकंच. हा नियम एमयूएनवाल्यांनी कसा फिरवला कोण जाणे.) नवख्याने 'प्रेझेंट' म्हणावं.

मग स्पीकर्स लिस्ट, म्हणजे बोलणाऱ्यांची यादी. तुमच्या देशाच्या नावाची पाटी पहिल्या तासातच वर करा. उशीर केलात तर नंबर दुसऱ्या दिवशी लागतो. वेळ साधारण 60 ते 90 सेकंद. 1957 मध्ये कृष्ण मेनन काश्मीरवर सुरक्षा परिषदेत दोन दिवस मिळून आठ तासांच्या आसपास बोलले होते; तुम्हाला ती चैन नाही. 150 शब्द लिहा, घड्याळ लावून तीनदा मोठ्याने वाचा. 'मला वाटतं' चालत नाही, 'ब्राझीलला वाटतं' म्हणायचं.

भाषेबद्दल थोडं. कामकाज जवळजवळ सगळीकडे इंग्रजीत चालतं आणि मराठी माध्यमातली मुलं उच्चारांच्या धास्तीने गप्प बसतात. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत आणि तिथे इंग्रजीत बोलणारे निम्मे राजदूत आपापल्या मातृभाषेच्या वळणानेच बोलतात. मुद्दे मराठीत मांडून घ्या, मग लहान इंग्रजी वाक्यांत आणा. लांब वाक्यात अडखळायला होतं, छोट्यात फारसं नाही.

यानंतर मॉड, म्हणजे मॉडरेटेड कॉकस: अजेंड्यातला एक तुकडा घेऊन नेमून दिलेल्या वेळेत चर्चा. विषय तुम्हीच सुचवा, आणि असा सुचवा की ज्यात तुमच्या देशाला काही सांगण्यासारखं आहे. अनमॉडमध्ये, म्हणजे अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, सगळे उठून घोळके करतात. लाजऱ्या मुलांची इथे गोची होते, आणि खरं काम नेमकं इथे असतं. मोठ्या घोळक्याच्या कडेला ताटकळत उभं राहण्यापेक्षा बाजूला उभ्या असलेल्या तीन देशांना गाठा, वही उघडा आणि मुद्दे टिपायला लागा. ज्याच्या हातात मसुदा, त्याच्याभोवती गर्दी आपोआप जमते.

चिटा जपून लिहा. त्या चेअरच्या हातून जातात आणि चेअर वाचतो.

पायरी 5: ठराव

ठराव हे अख्खं एकच वाक्य असतं. आधी संदर्भाची कलमं, त्यांच्यामागे स्वल्पविराम. मग कृतीची कलमं, त्यांच्यामागे अर्धविराम. पूर्णविराम एकदम शेवटी. प्रत्येक कृतिकलम क्रियापदाने सुरू होतं आणि पहिल्या पायरीत मोजलेले हात इथे कामाला येतात. आमसभेच्या समितीत 'अर्जेस', 'कॉल्स अपॉन', 'रेकमेंड्स' लिहा. देशांवर बंधन घालणारं 'डिसाइड्स' सुरक्षा परिषदेसाठी राखून ठेवा. 'आंतरराष्ट्रीय समुदायाने पावलं उचलावीत' हे कलम मी चेअर असताना सर्रास खोडायचो. कोण करणार, कुणाच्या पैशाने, कधीपर्यंत, ही तीन उत्तरं कलमात हवीत.

एका शब्दासाठी भांडायला लाजू नका. मुंबईच्या विधिमंडळात निवडून गेलेल्या हंसा मेहता 1947-48 मध्ये मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात 'ऑल मेन' असं लिहिलेलं होतं. त्यांनी आग्रह धरला आणि तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं. 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये तो जाहीरनामा 48 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाला, 8 देश तटस्थ राहिले.

स्पॉन्सर म्हणजे मसुदा लिहिणारे. सिग्नेटरी म्हणजे चर्चा व्हावी एवढंच म्हणणारे. त्यांचा पाठिंबा गृहीत धरू नका. दुसऱ्या गटाची दुरुस्ती आली की आधी आकडेमोड करा. ती घेतल्याने पाच मतं वाढणार असतील आणि तुमच्या देशाची लाल रेघ ओलांडली जात नसेल, तर घेऊन टाका.

पायरी 6: मतदान

मतदान सुरू झालं की दारं बंद होतात, चिटा बंद होतात. बाहेर जायचं असेल तर आधीच जाऊन या. सुरक्षा परिषदेत कायम सदस्याचा देश मिळाला असेल तर नकाराधिकार हौसेने वापरू नका. मसुदा लिहिताना त्याची नुसती आठवण करून दिली तरी समोरचे कलम बदलायला तयार होतात.

बक्षीस मिळो न मिळो, घरी आल्यावर त्याच विषयावरचा खरा ठराव उघडा, तुमचा मसुदा शेजारी ठेवा आणि दोन्हींतली क्रियापदं अधोरेखित करा. पुढच्या एमयूएनची तयारी तिथूनच सुरू करता येईल.