पानगळीच्या हस्तकला: या चुका टाळा

सकाळी वेचलेली पानं दुपारी कागदावर चिकटवायची, ही घाई मला सगळ्यात जास्त खटकते. नुकत्याच गळलेल्या पानातही ओल असते. वर गोंद आणि प्लास्टिक आलं की ती आतच कोंडते. एका बालवर्गात मुलांनी केलेला पानांचा मोठा तक्ता त्याच दिवशी पारदर्शक प्लास्टिकने झाकून भिंतीवर लावला होता. सुट्टीनंतर मुलं परतली तेव्हा पानं काळी पडलेली, कडांना पांढरी बुरशी आणि खोलीभर कुबट वास. तक्ता टाकून द्यावा लागला. ‘माझं पान कुठंय?’ असं विचारत एक मुलगी ताईंच्या मागे फिरत होती, ते मला अजून आठवतं.

मी पानं पुसून, एकमेकांना चिकटणार नाहीत अशी वर्तमानपत्रात ठेवते आणि वर जड पुस्तकं रचते. दुसऱ्या दिवशी कागद बदलते, कारण सुरुवातीलाच जास्त ओल सुटते. साधारण आठवड्यात काम होतं. इस्त्री फिरवली की झटपट होतं, असं सांगणारे खूप भेटतात. होतं खरं, पण तसं पान बऱ्याचदा कडक होतं आणि चार वर्षांच्या मुलाने उचललं की त्याचा चुरा होतो. आठवडाभर थांबायचं नसेल तर त्या दिवशी पानं चिकटवूच नका. मुलांना ती नुसती कुस्करू द्या, त्यांचा आवाज ऐकू द्या, वास घेऊ द्या.

पानाचा ठसा उमटत नाही? पान उलटं ठेवा, शिरा वर. त्यावर पातळ कागद ठेवा, क्रेयॉनचं वेष्टण सोला आणि तो कागदावर आडवा घासा.

मिठाच्या कणकेला 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ आणि 1 वाटी पाणी. पाणी थोडंथोडं घाला. चिकट वाटली की लगेच मैदा ओतू नका, आधी नीट मळा. ही कणीक तोंडात जाता कामा नये. वासासाठी दालचिनीची पूड वापरायची तर तीही कणकेतच मिसळा. कोरडी हुंगायला दिली तर नाकात जाऊन झोंबते.

तीन वर्षांखालच्या मुलांपुढे सुट्या बिया नकोतच, त्या घशात, नाकात, कानात जातात. अनोळखी झाडाचं काहीही उचलू नका. कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया विषारी असतात. लाल-काळी गुंज तर मोठ्यांनाही मोहात पाडते, पण चावली गेली तर जीवावर बेतू शकते.

आणि मुलाचा हात धरून त्याच्याकडून ‘छान’ चित्र करून घेणं आता थांबवा. स्पर्शाचा खेळ मांडायचा आणि स्पर्श स्वतःच करायचा, याला काय अर्थ आहे? पानांच्या घुबडाचा डोळा पोटावर लागला तर लागू द्या. काही मुलांना चिकट गोंद, ओला रंग अजिबात सोसत नाही. त्यांची बोटं जबरदस्तीने रंगात बुडवली की पुढच्या वेळी ती टेबलाजवळही येत नाहीत. मी अशा मुलाला ब्रश देते, नाहीतर घट्ट बंद केलेल्या पिशवीत रंग घालून तो बाहेरून दाबायला देते. ओलं फडकं त्याच्या हाताशी ठेवते, म्हणजे हात कधी पुसायचा ते त्याचं त्याला ठरवता येतं.