काचेच्या टाकीत आकाश: दुधाच्या थेंबांचा प्रयोग नीट कसा करावा

आकाश निळं का आणि मावळता सूर्य तांबूस का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच टाकीत दाखवता येतात. मात्र दूध घाईने ओतलं की सगळं पांढरं होतं आणि प्रयोग तिथेच फसतो.

सुमारे ३० सेंटीमीटर लांब, सपाट बाजूंचा फिशटँक घ्या. गोल बरणी नको, ती भिंगासारखी झोत वाकवते. त्यात ५ लिटर गाळलेलं पाणी भरा आणि बुडबुडे जाईपर्यंत १५ मिनिटं थांबा. टॉर्चच्या तोंडावर काळा कागद चिकटवून मधोमध ६-७ मिलिमीटरचं भोक पाडा. खोलीत अंधार करा, झोत टाकीच्या लांबीच्या दिशेने सोडा आणि पलीकडे पांढरा कागद उभा धरा.

दूध साय काढलेलं, शक्यतो गाईचं घ्या. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त. स्निग्धाचे मोठे कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून झोत ढगासारखा पांढरा दिसतो. निळाई येते ती केसिन या दुधातल्या प्रथिनाच्या बारीक कणांमुळे.

आधी २ मिली दूध घालून हलक्या हाताने ढवळा. बाजूने पाहिलं की झोत फिकट निळसर दिसेल. मग एकेक मिली वाढवत जा. १० मिलीच्या आसपास टॉर्चजवळचा भाग निळसर आणि कागदावरचा ठिपका नारिंगी होतो. झोताची कडाच दिसेनाशी झाली तर दूध जास्त झालं. अशा वेळी थोडं पाणी काढून तेवढंच ताजं घाला.

टॉर्च जुन्या फिलामेंटच्या बल्बचा असेल तर निळाई कमी आणि नारिंगी ठळक दिसते. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात मुळातच निळा जास्त, म्हणून कोऱ्या पाण्यातला ठिपका आधी बघून ठेवा. तुलना त्याच्याशीच करायची.

हवेचे रेणू तर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान. तिथे विकिरण, म्हणजे प्रकाशाचं विखुरणं, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होतं, म्हणून ४५० नॅनोमीटरचा निळा ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा सुमारे सहापट विखुरतो. हा नियम ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी १८७१ मध्ये मांडला. जांभळा त्याहून जास्त विखुरतो, पण सूर्यप्रकाशात तो कमी असतो आणि आपल्या डोळ्यांनाही तो कमी जाणवतो. सूर्य क्षितिजावर असताना प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा पार करावी लागते. वाटेत निळा गळत जातो, टाकीतल्या ठिपक्यासारखाच.

आता पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर धरा आणि बाजूने, झोताच्या काटकोनात बघत फिरवा. झोत मंद-उजळ होतो, कारण विखुरलेल्या प्रकाशाचं ध्रुवण झालेलं असतं, म्हणजे त्याची कंपनं मुख्यतः एकाच दिशेत होतात. दूध जास्त असेल तर हा फरक पुसला जातो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भूमध्य समुद्रातून परतताना निकोल प्रिझमने (गॉगलच्या काचेसारखंच ध्रुवण तपासणाऱ्या स्फटिकाने) समुद्राची निळाई अशीच तपासली होती, त्यामुळे रामन यांच्याच शोधाच्या स्मरणार्थ असलेल्या २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला हा भाग जरूर दाखवा.

हीच काच पाऊस सरल्यावरच्या धुतलेल्या आकाशाकडेही फिरवून बघा, सूर्यापासून ९० अंशांवर. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही, गॉगल असला तरी. एप्रिल-मेच्या धुरकट हवेत फरक फार कमी दिसेल: तिथे धुळीचे मोठे कण सायीचं काम करत असतात.