खंडानंतरची पहिली बॅच: घरी बिअर बनवणं पुन्हा सुरू करताना

चार-पाच वर्षं गॅरेजात पडलेलं सामान खाली काढलं की पहिला मोह होतो तो जुनी आवडती, तगडी आयपीए (कडू, दरवळणारी बिअर) करण्याचा. तो आवरावा. हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, माऱ्याखाली बारीकसारीक दोष झाकले जातात, आणि खंडानंतरच्या पहिल्या बॅचकडून आपल्याला हवं असतं ते नेमकं उलटं: नळीत काही दडलंय का, थर्मामीटर खरं बोलतोय का, हे कळायला हवं. म्हणून साधी इंग्लिश बिटर (हलकी, माफक कडू बिअर) करावी, आणि तीही नेहमीच्या १९ लिटरऐवजी १० लिटर. फसली तर पंचवीस बाटल्या मोरीत ओतताना जीव फार तुटत नाही.

आधी कायद्याचं. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलन, एकट्याला १००, विक्री अजिबात नाही. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्येच गेली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. सुट्टीत पुण्याला जाताना यीस्टची पाकिटं बॅगेत टाकू नयेत.

काय फेकायचं, काय ठेवायचं

सिलिकॉन आणि व्हिनाइलच्या नळ्या, रबरी वायसर, एअरलॉकचं (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेचं) बूच हे सगळं सरळ टाकून द्या. पाच-दहा डॉलरच्या वस्तूपायी अख्खी बॅच आंबट करण्यात अर्थ नाही. प्लास्टिकची बादली उजेडात तिरकी धरून बघा. आत ओरखडे असतील तर त्यात जंतू बसतात आणि निर्जंतुक करायचं द्रावण तिथवर पोचत नाही. अशी बादली धान्य ठेवायला छान. स्टीलचं पातेलं, काचेचा कारबॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली), बाटल्यांना झाकण लावायचं यंत्र यांना काही होत नाही.

बादलीचा नळ पूर्ण खोलून बघा. बाहेरून लख्ख दिसणाऱ्या नळाच्या आट्यांत जुन्या बिअरचा तपकिरी साका निघतो, आणि बहुतेक गूढ आंबटपणाचा उगम तिथेच असतो.

उघडी पडलेली हॉप्सची पाकिटं हुंगून बघा. जुन्या चीजचा किंवा पायमोज्यांचा वास आला तर गेली. भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) काही महिन्यांत शिळा होतो. पातळ माल्ट एक्सट्रॅक्ट (माल्टचा आटवलेला अर्क) ठेवून ठेवून काळपट होतं. यीस्ट तर नवंच आणा. जुन्या सामानातली टिकाऊ गोष्ट म्हणजे स्टार सॅन या निर्जंतुक करायच्या द्रावणाची बंद बाटली. लिटरला १.६ मिलि, म्हणजे १० लिटर पाण्याला १६ मिलि. मिनिटभर ओलं राहू द्यायचं, मग धुवायचं नाही. फेस राहिला तरी चालतो. पण आधी घासून साफ केलेलं असलं पाहिजे. मळावर निर्जंतुकीकरण होत नाही.

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं उपकरण, २० अंश सेल्सियसच्या पाण्यात सोडा (काही १५.६ अंशांसाठी बनवलेले असतात, कागद बघा). १.००० दाखवायला हवं. १.००२ दाखवला तर दर वेळी तेवढं वजा करा. थर्मामीटर बर्फ घातलेल्या पाण्यात शून्यावर यायला हवा.

सामान

हलक्या रंगाचं कोरडं माल्ट एक्सट्रॅक्ट १.१५ किलो, ६० लोव्हिबॉन्डचा (हे माल्टच्या रंगाचं माप) क्रिस्टल माल्ट भरडून २०० ग्रॅम, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ५० ग्रॅम (कडूपणा देणारं अल्फा आम्ल ५ टक्के धरून), कोरड्या इंग्लिश एल यीस्टचं ११ ग्रॅमचं एक पाकीट. १० लिटरला एवढं यीस्ट जास्तच होतं, पण अर्धं उघडं पाकीट ठेवून करायचंय काय? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. कॅम्डेनची पाव गोळी चुरून घातली की १२ लिटरला पुरून उरते.

कढ

पातेलं किमान १८ लिटरचं. १२ लिटर पाणी ६५ ते ७० अंशांवर आणून क्रिस्टल माल्ट मलमलच्या पिशवीत बांधून अर्धा तास बुडवून ठेवा. ७७ अंशांच्या वर गेलं तर सालींतला तुरटपणा उतरतो. जास्त उकळलेल्या चहासारखा. पिशवी निथळू द्या, पिळू नका.

एक्सट्रॅक्ट घालताना आच बंद. नाहीतर तळाशी बसून करपतं आणि तो वास शेवटपर्यंत जात नाही. पाकीट वाफेवर धरलंत तर आतल्या आत गोळा होईल. ते आधी कोरड्या भांड्यात काढून एकदम ओता. पहिली उकळी फुटताना वर्ट, म्हणजे हे माल्टचं गोड पाणी, दुधासारखं उतू येतं, त्यामुळे त्या पाच मिनिटांत फोन घेऊ नये. फेस बसला की २० ग्रॅम हॉप्स घालून ६० मिनिटं उकळा, शेवटच्या दहा मिनिटांसाठी १५ ग्रॅम, आच बंद करताना उरलेले १५. पाकिटावर अल्फा ५ ऐवजी ६ असेल तर पहिल्या वेळचे हॉप्स साधारण १७ ग्रॅम.

पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात २० अंशांच्या खाली आणा. इथून पुढे जे जे बिअरला लागेल ते निर्जंतुक हवं. बादलीत काढून गार, उकळलेल्या पाण्याने १० लिटर करा. घनता १.०४५ च्या आसपास यायला हवी.

आंबवण

यीस्ट वरून भुरभुरवा, झाकण लावा. खोली १८ अंश असली तरी पहिल्या तीन दिवसांत बादलीच्या आत दोन-चार अंश जास्त असतात, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बादली पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याची बाटली टाका. चौथ्या दिवसानंतर टब काढून २० ते २१ अंशांवर येऊ द्या. लोण्याच्या वासाचं जे द्रव्य तयार झालेलं असतं ते यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं.

एअरलॉकमध्ये बुडबुडे नाहीत म्हणून घाबरू नका, बहुधा झाकणातून वायू निसटत असतो. वर फेसाचा थर आहे ना, मग झालं. ४८ तासांनीही थर नाही आणि घनता हललेली नाही, तरच दुसरं पाकीट.

दोन आठवड्यांनी घनता १.०१० ते १.०१३ यावी आणि तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तीच भरावी. १.०२० वर अडली असेल तर उबेत ठेवा, हलकेच फिरवा, थांबा. बाटल्या भरायची घाई केलीत तर कपाटात काचा फुटतात.

बाटल्या

साका सोडून साधारण ९ लिटर हाती लागतं. त्याला ५० ग्रॅम साधी साखर, वजन करून, चमच्याने मोजून नव्हे. ती कपभर पाण्यात उकळून, गार करून दुसऱ्या बादलीत घाला आणि बिअर सायफनने तिच्यावर घ्या, नळीचं तोंड तळाशी ठेवून. खळखळाट झाला की हवा मिसळते आणि महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या नकोत. एक बाटली मात्र सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा; ती दाबून वायू किती झाला ते झाकण न उघडता कळतं. दोन आठवडे २० अंशांवर, मग दोन दिवस फ्रिजमध्ये.

आता चव घ्या. जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा औषधी वास म्हणजे क्लोरीन काढायचं राहिलं. हिरव्या सफरचंदाचा म्हणजे यीस्टवरून लवकर उचलली. एखादीच बाटली आंबट निघाली तर ती बाटलीच मळकी होती. सगळ्याच आंबट आणि प्रत्येकीच्या मानेशी पांढुरकं कडं असेल, तर नळ पुन्हा खोला.