नकाशात न दिसणारं मीठ

लँडस्केप आर्किटेक्चर शिकून बाहेर पडलात आणि जुनी शहरी उद्यानं की वाळवंटातली नवी शहरं या विचारात असाल, तर मी दोन्हीकडे राबले आहे. दोन्हीकडे झाडं मेली ती जमिनीखालच्या कारणानं.

सुरुवात मी एका जुन्या उद्यानाच्या दुरुस्तीवर केली. तिथं सगळ्यात अवघड गेलं ते हात आखडता घेणं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क बघणाऱ्याला निसर्ग वाटतो, पण तिथली तळी ते आखणाऱ्या ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांच्या १८५८ च्या आराखड्यातून आली, आणि शहराची वाहतूक त्यांनी चार खोलगट रस्त्यांतून पार केली. तेव्हा आधी जुने नकाशे वाचा, मग पेन्सिल उचला. जुन्या झाडाच्या बुंध्याशी वीतभर भराव टाकू नका, मुळांतून दिव्यांच्या केबलचा चर नेऊ नका. झाड लगेच वाळत नाही. काही वर्षांनी वाळतं, आणि तोवर चर कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो.

मग आखातातल्या एका नव्या शहराचं काम मिळालं. माझी मोठी चूक तिथली, म्हणून ती सविस्तर सांगते.

झाडांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी ठिबकनं मिळत होतं. पाणी वाचवायचं म्हणून मी झाडाच्या गरजेइतकंच, मोजून पाणी ठेवलं. हिशेब बरोबर होता, म्हणून माझी खात्रीही पक्की होती. पण झाड पाणी शोषतं, ऊन पाणी उडवतं, आणि पाण्यातले क्षार मातीतच राहतात. तिथं वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस नाही, म्हणजे ते धुऊन नेणारं कुणी नाही. ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरं मीठ फुटलं. पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं अन्न कमी पडतंय, म्हणून खत दिलं. रासायनिक खत म्हणजे पुन्हा क्षारच. त्या उन्हाळ्यात एक अख्खी रांग गेली.

आता ढोबळ गणित. ईसी म्हणजे विद्युतवाहकता, क्षार किती आहेत ते सांगणारं माप. पाण्याची ईसी २ असेल आणि झाड मातीतली ४ पर्यंत सोसत असेल, तर ४ ची पाचपट २०, त्यातून २ वजा केले की १८. दोनला अठरानं भागा: नववा भाग. दिलेल्या पाण्यापैकी एवढं मुळांच्या खाली उतरलंच पाहिजे. झाडाची गरज ८० लिटर असेल तर ९० द्या. वरचे १० लिटर वाया जात नाहीत, ते मीठ खाली नेतात. पण खाली जायला वाट हवी! झाडाखाली पार्किंगचा स्लॅब किंवा कठीण थर असेल तर तेच खारं पाणी तुंबून मुळांशी परत येतं. म्हणून निचऱ्याची नळी पहिल्या ड्रॉइंगमध्येच दाखवा. नंतर तिच्यासाठी पैसे मिळत नाहीत.

आधीच्या प्रकल्पातली झाडांची यादी उचलून चिकटवणं मला अजिबात पटत नाही. पाण्याचा आणि मातीचा अहवाल हातात नसताना केलेली यादी फाडून टाका. आणि गुरू शोधायचा तर ऑफिसातल्या मोठ्या नावाआधी साइटवर रोज व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाकडे जा. मीठ फुटल्याचं मला त्यानंच दाखवलं. मी तेव्हा रेंडरवर, म्हणजे प्रकल्पाच्या संगणकी चित्रावर, सावल्या टाकत होते.

घाबरू मात्र नका. खजूर बराच खारेपणा सोसतो. तिथला गाफ म्हणजे आपली शमीच, आणि तिची मुळं फार खोल जातात. कैरोचं अल-अझहर पार्क बघा. शतकानुशतकं साचलेल्या राडारोड्याच्या टेकडीवर, अतिशय खारट मातीत, सुमारे ३० हेक्टरचं उद्यान २००५ मध्ये उघडलं. खोदताना जुन्या शहराची अय्युबी राजघराण्याच्या काळातली तटबंदी सापडली, तीही राखली. इतिहास आणि वाळवंट एकाच कामात कसे सांभाळतात हे मी त्याच्या छेदचित्रांवरून शिकले.

माझी ती रांग पुन्हा लावली. खाली खडीचा थर आणि नळी घातली, वेळापत्रकात जास्तीचं पाणी धरलं. ईसी मीटर तेव्हापासून पिशवीत असतो. नव्या साइटवर गेले की आधी नळाचं पाणी मोजते, मग ड्रॉइंग उघडते.