मांजराला घेऊन दूरच्या गावी घर हलवताना

पिंजरा निघायच्या दिवशीच बाहेर काढलात, तर मांजर पलंगाखालून हलणार नाही. दोन-तीन आठवडे आधी तो दार उघडं ठेवून खोलीत मांडा, आत त्याची रोजची चादर घाला, खाणंही तिथेच द्या. पिंजरा कडक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा बरा. घाबरलेल्या मांजराला पुढून ओढलं की ते चारही पाय रोवतं.

सामान हलताना त्याला न्हाणीघरात ठेवून दारावर चिठ्ठी लावा. हमालांसाठी उघड्या ठेवलेल्या दारातूनच मांजर निसटतं.

निघण्याआधी चार-पाच तास खाणं बंद, नाहीतर उलटी ठरलेली. पाणी चालेल. गाडीत पिंजरा पुढच्या सीटमागे खाली घट्ट बसवा. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी आणि शी-शूसाठीचा मातीचा ट्रे दाखवा, पण काचा वर असल्याशिवाय पिंजऱ्याची कडी काढू नका. तोंड उघडून धापा टाकत असेल तर एसी वाढवा. थांबलं नाही तर थेट डॉक्टर. गुंगीचं औषध त्यांनी दिलं तरच, आणि तेही आधी घरी एकदा देऊन पाहा.

नव्या घरात पहिले काही दिवस एकच खोली. जुना ट्रे धुऊन लख्ख करू नका, ओळखीचा वास राहू द्या.