यूएसबी पोर्ट चालेना, प्रोसेसरचा भार खाली येईना: जुन्या संगणकावर या चुका टाळा

दहा-बारा वर्षं वापरलेल्या पीसीबद्दल दोन तक्रारी पुष्कळदा जोडीने येतात. पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह दिसत नाही, आणि काहीही उघडलेलं नसताना पंखा जोरात फिरतो, माउस अडखळतो. बहुतेक जण पोर्टचा नाद सोडून मागच्या पोर्टने काम भागवतात आणि मशीन स्लो झालं म्हणून फॉरमॅट मारतात. ही सगळ्यात मोठी चूक. अनेकदा तो बिघडलेला पोर्टच प्रोसेसरला दमवत असतो, आणि पोर्ट तसाच राहिला तर फॉरमॅटनंतरही मशीन तसंच चालतं. त्यात जुनी डीव्हीडी काढून विंडोज ७ टाकलं, तर तिच्यात यूएसबी ३.० चे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) नसल्यामुळे निळे पोर्टही बंद पडू शकतात, आणि धडधाकट पोर्ट गेले असं वाटायला लागतं.

यूएसबीला ५ व्होल्टचा पुरवठा असतो. उपकरणाला २.० पोर्टमधून ५०० आणि ३.० मधून ९०० मिलीअँपिअरपर्यंत करंट घेता येतो. पोर्टमधली पिन वाकून शेजारच्या पिनेला किंवा बाहेरच्या पत्र्याला टेकली की करंट मर्यादेबाहेर जातो आणि कंट्रोलर, म्हणजे पोर्ट सांभाळणारी चिप, तशी सूचना पाठवतो. पोर्ट बंद करून पुन्हा चालू केला जातो, पुन्हा तीच सूचना येते. अशा प्रत्येक सूचनेला, म्हणजे इंटरप्टला, प्रोसेसरला हातातलं काम थांबवून उत्तर द्यावं लागतं. कुणीतरी दारावरची बेल सतत वाजवत राहावी तसा हा प्रकार आहे.

म्हणून टास्क मॅनेजर (काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) न उघडता कुठलाही उपाय सुरू करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावा. ‘सिस्टीम इंटरप्ट्स’ एरवी एक-दोन टक्क्यांच्या आत असतं. ते दहा, पंधरा टक्क्यांवर ठाण मांडून बसलं असेल, तर संशय हार्डवेअरवर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर घ्यायचा. कधी कधी हाच भार ‘सिस्टीम’ या नावाखाली दिसतो. दोन कोरच्या प्रोसेसरवर वापर ५० टक्क्यांवर किंवा चार कोरच्या प्रोसेसरवर २५ टक्क्यांवर अडकून बसला असेल, तर एक अख्खा कोर, म्हणजे प्रोसेसरमधला एक स्वतंत्र भाग, कशात तरी गुंतून पडला आहे असं समजा.

आता कीबोर्ड-माउस सोडून बाकी सगळं काढा: प्रिंटर, वेबकॅम, हब, डोंगल. टक्के लगेच उतरले तर एकेक वस्तू परत जोडत जा, दोषी सापडेल. काही न जोडताही टक्के तसेच राहिले, तर दोष पोर्टमध्ये असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या हार्डवेअरच्या यादीत, ‘यूएसबी रूट हब’ अशा नोंदी दिसतील. एकेका हबवर काही पोर्ट असतात. त्यातली एकेक डिसेबल करायची आणि टास्क मॅनेजरकडे बघायचं. ज्या हबला टक्के झपकन खाली येतात, बिघडलेला पोर्ट त्याच्यावर आहे.

इथे घाई नडते. डेस्कटॉपचा कीबोर्ड आणि माउस बहुधा यूएसबीचेच असतात. त्यांचाच हब डिसेबल केला, तर तो परत चालू करायला हातात काहीच उरत नाही, आणि रीस्टार्ट करूनही तो बंदच राहतो. आधी ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा आणि कीबोर्ड कुठल्या हबखाली आहे ते पाहून ठेवा. मागे जांभळा-हिरवा गोल पीएस/२ पोर्ट असेल तर मशीन बंद असताना तिथे जुना कीबोर्ड लावून ठेवा. लॅपटॉपचा वेबकॅम आणि ब्लूटूथ बहुधा आतून यूएसबीवरच चालतात, तेही बंद पडू शकतात.

दोष पुढच्या पोर्टमध्ये निघाला तर काळजी करू नका. ते पोर्ट मदरबोर्डवर डाग दिलेले नसतात, मदरबोर्डवरच्या पिनांच्या जोडणीवर बसणाऱ्या वायरने जोडलेले असतात. मशीन बंद करा, वीज काढा, ती वायर उपसा. मागचे पोर्ट नीट चालत राहतात आणि प्रोसेसरही मोकळा होतो. मदरबोर्ड बदलायचा सल्ला मिळाला असेल, तर त्याआधी हे करून बघाच.

पोर्ट साफ करताना सेफ्टी पिन किंवा स्क्रूड्रायव्हर घालणारे लोक बघून जीव कळवळतो, कारण चालू मशीनमध्ये तोच शॉर्ट त्यांच्या हातून होतो. वीज काढल्यावर लाकडी टूथपिकने धूळ काढा. कोकणात पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवट थर चढलेला दिसतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड ४३ दिसला म्हणून पोर्ट मेला असं लगेच ठरवू नका. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही, म्हणून रीस्टार्ट द्या. तेवढ्याने भागलं नाही तर शटडाउन करून विजेची वायर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पोर्ट मधूनमधून झोपत असेल तर रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा.

इंटरप्ट्स कमी असूनही प्रोसेसर शंभरावर असेल, तर गोष्ट वेगळी. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन चालू असेल तर ते पुरं होऊ द्या. ‘एंड टास्क’ केलं की तेच काम नंतर पुन्हा सुरू होतं. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर वेग बेस स्पीडपेक्षा खूपच कमी आणि वापर मात्र १०० टक्के दिसला, तर उष्णता तपासा. प्रोसेसरवरच्या हीटसिंकमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यातली) धूळ आणि दोघांमधली वाळलेली थर्मल पेस्ट ही नेहमीची कारणं.

सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये नवे करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका. चिपसेटचा ड्रायव्हर मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

पोर्टमधली प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर तो पोर्ट वापरायचा नाही. पिना मोकळ्या आहेत, कुणाच्याही पेन ड्राइव्हने पुन्हा शॉर्ट होईल. त्यावर चिकटपट्टी लावा, आणि डेस्कटॉपमध्ये रिकामा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असेल तर यूएसबीचं कार्ड बसवून घ्या.