रक्तदाबाच्या गोळीसोबत वनौषधी घ्यायची असल्यास

पुण्यातल्या मंडई-तुळशीबाग परिसरातल्या काष्ठौषधींच्या दुकानात अर्जुनाची साल मागितली, तर ती कोणासाठी हवी आहे आणि त्या व्यक्तीला कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे क्वचितच विचारले जाते. उच्च रक्तदाबाबरोबर एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलही वाढलेले असेल, तर निर्णय मात्र याच दोन प्रश्नांवर ठरतो. चालू गोळ्या तशाच ठेवून, डॉक्टरांना सांगून, एका वेळी एकच वनस्पती ठरावीक मात्रेत घ्यावी आणि तिचा परिणाम आकड्यांत पाहावा.

म्हणून आधी सलग सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसल्यानंतर, पाठ टेकवून आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजावा व वहीत लिहावा. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये. घरच्या मोजणीत 135/85 ही सीमारेषा मानतात. रक्तातल्या चरबीच्या म्हणजे लिपिड तपासणीसोबत मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्याही करून घ्याव्यात, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहतो.

कोलेस्टेरॉलसाठी पहिली निवड इसबगोलाच्या भुशीची करावी. आपल्याकडे तिची ओळख पोट साफ करणारी एवढीच आहे. परंतु तिच्यातील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात आणि ती नव्याने बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. एक चमचा भुशीपासून सुरुवात करून हळूहळू दिवसाला सुमारे 10 ग्रॅमपर्यंत जावे. प्रत्येक वेळी पेलाभर पाणी प्यावे आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. लसूण घ्यायची असल्यास ती ठेचून दहा मिनिटे तशीच ठेवावी, कारण ॲलिसिन हा घटक पाकळी चिरडल्यावरच तयार होतो. अख्खी पाकळी थेट फोडणीत टाकली, तर तो फारसा मिळत नाही.

अर्जुनाची साल हृदयासाठी परंपरेने क्षीरपाकाच्या रूपात दिली जाते. त्याचे प्रमाण औषध एक भाग, दूध आठ भाग आणि पाणी बत्तीस भाग असे आहे. म्हणजे 5 ग्रॅम भरडीला 40 मिलिलिटर दूध आणि 160 मिलिलिटर पाणी घालून, दुधाइतके द्रव उरेपर्यंत मंद आचेवर आटवावे आणि गाळून प्यावे. अनेक घरांत मोठा कपभर सायीचे दूध, त्यात दोन चमचे साखर आणि चिमूटभर साल असा प्रकार चालतो. त्याला क्षीरपाक म्हणणे कठीण आहे. दूध साय काढलेले असावे. अर्जुनाच्या सालीपासून आंबवून केलेल्या अर्जुनारिष्टात गूळ असतो आणि आंबवण्यातून अल्कोहोलही तयार होते, हे मधुमेहींनी विसरू नये. अर्जुनावरचे आधुनिक अभ्यास बहुतांशी लहान आहेत, म्हणून त्याच्या भरवशावर कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सोडू नये.

बाटलीवरचा ‘अर्क’ हा शब्द फसवा आहे. आयुर्वेदात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेला द्रव. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा काढा आटवून केलेला घन असतो. दहा भाग सालीपासून एक भाग घन काढला असेल, तर चूर्णाची मात्रा त्याला लावता येत नाही. वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, उत्पादन परवाना आणि बॅच क्रमांक पाहावेत.

गुग्गुळाबाबत अधिक सावध राहावे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून गुगुलिपिड हे कोलेस्टेरॉलवरचे औषध विकसित केले, तरी 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत एलडीएल घटण्याऐवजी किंचित वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. शिवाय डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलॉल या रक्तदाबाच्या गोळ्यांचे शोषण गुग्गुळामुळे कमी होऊ शकते. सर्पगंधा खरोखरच रक्तदाब उतरवते, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये तिच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिच्यातील रेसर्पिन या घटकामुळे मन खिन्न होऊ शकते, म्हणून ती स्वतःहून मुळीच घेऊ नये.

आणि जेष्ठमध. थंडीतल्या खोकल्याच्या काढ्यात ते हमखास पडते. पण नियमित घेतल्यास त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. गोळ्या नीट घेऊनही आकडा अचानक वाढला, तर आधी काढ्याची पुडी तपासावी.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लसणाच्या कॅप्सूल रक्तस्रावाचा धोका वाढवतात. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची माहिती द्यावी. गरोदरपणात यातील कोणताही घन घेऊ नये. रक्तदाब 180/120 च्या वर जाऊन छातीत दुखणे, धाप लागणे किंवा बोलणे अडखळणे सुरू झाल्यास काढा उकळत न बसता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तीन महिन्यांनी तीच लिपिड तपासणी पुन्हा करावी. डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाताना मोजणीची वही, दोन्ही अहवाल आणि औषधाची बाटली वेष्टनासह न्यावी. सुटी पुडी घेतली असेल, तर ती पुडीच न्यावी.